निळ्या कपाचा शेवट

"रीड," सर म्हणाले.

मी उभा राहिलो. वर्गात त्या दिवशी दोन टकलं होती. एक शिकवणार होतं, दुसरं शिकणार होतं. शिकवणाऱ्यावर काळी टोपी होती. शिकणाऱ्यावर काही नव्हतं, कारण आमच्या गणवेशात टोपी बसत नव्हती. उरलेली एकेचाळीस डोकी केसांसकट पुस्तकात गेली होती. आईला जाऊन चौदा दिवस झाले होते आणि धडा सातवा सुरू होत होता.

सर म्हणजे माझे वडील. घरी ते अण्णा आणि शाळेत जामदार सर. हा बदल कुठे व्हायचा तेही ठरलेलं होतं. घरून आम्ही बरोबर निघायचो, ओढ्यावरच्या फरशीपर्यंत बापलेक म्हणून चालायचो, आणि फरशी ओलांडली की मी दहा पावलं मागे राहायचो. नियम त्यांचाच. वर्गात मला ते नावानं हाक मारत नसत. 'रीड' म्हणाले की मी समजायचो, की हे मला आहे.

आमची शाळा 'न्यू इंग्लिश स्कूल' होती. तिच्यात न्यू असं काही नव्हतं आणि इंग्लिश फक्त फाटकावरच्या पाटीवर आणि जामदार सरांच्या तासाला असायचं. इंग्रजी शिकवायची सरांची एक पद्धत होती. एकानं इंग्रजी वाक्य वाचायचं, सरांनी मराठीत अर्थ सांगायचा, आणि बाकीच्यांनी तो पेन्सिलीनं दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहून घ्यायचा. वर्षअखेर पुस्तक असं दिसायचं, की वरच्या मजल्यावर इंग्रज राहतोय आणि खालच्या मजल्यावर मराठी बिऱ्हाड. अशी अर्थ भरलेली पुस्तकं पुढच्या वर्षीच्या मुलांकडे जायची. कोऱ्या पुस्तकाला कुणी विचारत नसे. शिकवायला सर आणि समजायला पेन्सिल, अशी वाटणी झाल्यामुळे मूळ इंग्रजीकडे बघायची वेळ सहसा कुणावर यायची नाही.

माझ्या बाकावर रमझान तांबोळी बसायचा. त्याचं पुस्तक त्याच्या भावाचं, इक्बालचं होतं. त्यामुळे रमझानला गेल्या वर्षीचा अर्थ सरांच्या आधी माहीत असायचा आणि तो सरांच्या आधी ओठ हलवायचा. बावीस वर्षांत सरांचा अर्थ बदललेला नव्हता, त्यामुळे रमझानचे ओठ कधी चुकत नसत.

सातव्या धड्याचं नाव होतं 'द ब्लू कप'. कुणी एक इंग्रज आपलं लहानपण सांगतो. बर्फाचं गाव, सुतारकाम करणारा बाप, दोन मुलं. आई आजारी पडते आणि गावातले चार लोक तिला घसरगाडीवर घालून दूरच्या दवाखान्यात नेतात. तिचा निळा कप चुलीशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. बाप रोज संध्याकाळी टेबलावर चार कप मांडतो. तीन साधे, एक निळा. असं साडेतीन पानं चालतं. धडा मला माहीत होता. जूनमध्येच मी तो घरी मोठ्यानं वाचला होता. कुणापुढे, ते पुढे येईल.

मी वाचत गेलो, सर अर्थ सांगत गेले. बर्फ झालं, सुतार झाला, घसरगाडी झाली. सरांचा आवाज नेहमीचा होता. माझाही नेहमीचाच होता. चौदा दिवसांत तो कशानंही बिघडला नव्हता. भेटायला येणाऱ्या बायका दारातच आत्याला विचारायच्या, "पोरगं रडलं का?" आणि आत्या गृहपाठ राहिल्यासारखं सांगायची, "अजून नाही."

शेवटचा परिच्छेद आला.

"अँड मदर डिड नॉट कम होम," मी वाचलं.

सरांचा अर्थ वाक्य संपताच यायचा, हातावर पाणी पडावं तसा. तो आला नाही. शेजारच्या वर्गात पाढे चालले होते. सहा साते बेचाळीस झालं, सहा आठे अठ्ठेचाळीस झालं. रमझानचे ओठ हलून कधीच थांबले होते.

"आणि आई घरी आली," सर म्हणाले.

एकेचाळीस पेन्सिली खाली वाकल्या. खरं तर चाळीस. रमझाननं मला कोपरानं ढोसलं.

"अय मुकुंदा, हितं 'आली नाही' लिवलंय."

"सर सांगतात ते लिही."

"पण इक्बालच्या टायमाला—"

"नेक्स्ट," सर म्हणाले.

मी पुढचं वाक्य वाचलं. ते एवढंच होतं, की बापानं निळा कप कपाटात ठेवला आणि आम्हाला जेवायला सांगितलं.

सर खिडकीकडे पाहत सांगू लागले, "वडिलांनी निळा कप तिच्या हातात दिला. तिनं चहा बशीत ओतला. फुंकर मारली. आणि म्हणाली, बशीत ओतला की जीभ पोळत नाही, आणि संसारात जिभेचं काम पडतं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"हसू नका. लिहा. परीक्षेला येतं."

इंग्रजी वाक्य एवढंसं आणि अर्थ हा एवढा. तो ओळींच्या मध्ये मावेना. पोरांनी समासात लिहिला, कुणी पान उभं धरून कडेनं लिहिला. इंग्रजी ही थोडक्यात फार सांगणारी भाषा आहे, असं वर्गाचं त्या दिवशी मत झालं. रमझाननं खोडरबर काढलं, भावाच्या हातचं 'आली नाही' घासून घासून पुसलं आणि नवा अर्थ भरला.

माझ्या पेन्सिलीला टोक होतं. मी काही लिहिलं नाही. सरांनी माझं पुस्तक पाहिलं नाही.

घरी आम्ही तिघं होतो. अण्णा, मी, आणि स्वयंपाकाला येऊन राहिलेली आत्या. आमच्या घरात आई हा विषय ऐच्छिक झाला होता आणि तिघांपैकी कुणीही तो घेतला नव्हता. तिचं लुगडं दोरीवरून कुणी काढलं, माहीत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी कुणी बोलत नव्हतं, कारण बोललं असतं तर पुढचं वाक्य तिच्यावर गेलं असतं. आम्ही अळणी जेवायचो आणि वेळेवर झोपायचो.

ऑक्टोबरात सहामाही आली. इंग्रजीचा पेपर तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एकच असायचा आणि गठ्ठे अदलाबदल होऊन दुसऱ्या शाळेत तपासले जायचे. आमचा गठ्ठा तालुक्याच्या मुलींच्या शाळेत पाटणकर बाईंकडे गेला. पाचवा प्रश्न होता, 'निळ्या कपाची गोष्ट कशी संपते, ते दोन-तीन वाक्यांत लिहा, मराठीत चालेल. गुण दोन.'

मी प्रश्नाचा आकडा घातला, खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि सहाव्या प्रश्नाला लागलो. खरं लिहिलं असतं तर सरांचं खोटं ठरलं असतं. सरांचं लिहिलं असतं तर... पण तेव्हा मी असं काही मनात म्हटलं नव्हतं. तेव्हा फक्त हात पुढे गेला नाही.

आठव्या दिवशी पाटणकर बाई स्वतःच गठ्ठा घेऊन एस.टी.नं आल्या. हेडसरांचा शिपाई दोन परीक्षा क्रमांकांची चिठ्ठी घेऊन वर्गात आला आणि सरांना, मला आणि रमझानला बोलावून घेऊन गेला.

हेडसर म्हणजे निसळ सर, विषय भूगोल. त्या वर्षी त्यांनी दहावीच्या परीक्षेचं केंद्र आपल्या शाळेला मिळावं म्हणून अर्ज केला होता. मिळालं असतं तर आमच्या पोरांचं परीक्षेसाठी तालुक्याला जाऊन नातेवाइकांच्या ओसरीवर झोपणं वाचलं असतं. आणि केंद्र मागणाऱ्या शाळेत कॉपी सापडणं म्हणजे पुजारी व्हायला निघालेल्याच्या पिशवीत बोंबील सापडणं.

"निसळ सर, सतरा वर्षं मी पेपर तपासतेय," बाई म्हणाल्या. "पोरं कॉपी करतात, मला नवं नाही. पण कॉपी बरोबर उत्तराची करतात हो! इथे एकेचाळीस जणांनी तेच चुकीचं उत्तर लिहिलंय. आणि काय? तर बर्फातली ती बाई बशीत चहा ओतते आणि फुंकर मारते!"

"थंडी फार असते तिकडे," हेडसर म्हणाले. केंद्र वाचवायला त्यांच्याकडे भूगोलाशिवाय काही नव्हतं.

"थंडी असते तर फुंकर कशाला मारेल?"

हेडसरांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे पाहिलं. तिथे काही मिळालं नाही.

"आणि संसारात जिभेचं काम पडतं, हे कुठल्या पानावर आहे?"

"बाई, कापी न्हाई केली," रमझान मध्येच म्हणाला. "सरांनी सांगितलं तसंच लिवलं समद्यांनी. आईची शप्पत." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं म्हणाला, "म्हंजे माझ्या आईची."

आता बाई सरांकडे वळल्या. खोलीत दोनच वाटा उरल्या होत्या. एकेचाळीस पोरं चोर, नाहीतर बावीस वर्षांचा इंग्रजीचा मास्तर अडाणी.

"जामदार सर, तुम्ही असं शिकवलंत?"

"हो," सर म्हणाले. "पोरांची चूक नाही. मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही."

"कुठल्या?"

"मदर डिड नॉट कम होम."

बाईंनी गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "अहो, ते पाचवीतलं पोर सांगेल."

"सांगेल. मला नाही कळला."

हेडसर म्हणाले, "अहो जामदार—" आणि थांबले. ते आईच्या दहाव्याला आले होते. पण तोंडात आलेलं वाक्य बाईंपुढे ठेवावं की नाही, हे त्यांना ठरवता आलं नाही. सर ताठ उभे होते. तालुक्यातल्या इंग्रजीच्या मास्तरांत ज्यांना अडला शब्द विचारायला लोक यायचे, ते हे सर. मास्तरांच्या पुढच्या बैठकीत हीच गोष्ट चहाबरोबर फिरणार होती.

रमझानच्या काखेत त्याचं पुस्तक होतं. त्यानं ते हळूच माझ्या बरगडीला लावलं. पुसलेली पेन्सिल पुरती पुसली जात नाही. पान तिरपं धरलं की इक्बालच्या अक्षरातलं 'आई घरी आली नाही' अजून वाचता येत होतं. ते दाखवलं असतं तर सरांचं इंग्रजी तिथल्या तिथे परत आलं असतं. गेल्या वर्षी कळत होतं! मग बाईंनी विचारलं असतं, यंदा काय झालं?

"दाखवू?" रमझान ओठांनीच म्हणाला.

"नको."

"आणि हा एक," बाईंनी गठ्ठ्यातून पेपर उपसला. "सगळा लिहिलाय, पाचवा कोरा. हा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"तू का नाही लिहिलंस?"

"वेळ पुरला नाही."

"सहावा लिहिलास. सातवा लिहिलास. निबंध दोन पानं लिहिलास."

"हो."

"मग?"

मला खोटं सुचत नव्हतं आणि खरं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. तोंडातून जे आलं ते मी ठरवून बोललो नाही.

"बशीत आमची आई प्यायची."

"प्यायची म्हणजे?"

सर नकाशाकडे पाहत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. सरांनी एव्हाना टोपी सोडली होती. दोन्ही डोक्यांवर बोटाच्या पेराएवढे केस आले होते, अगदी एका मापाचे. एकाच न्हाव्यानं एकाच सकाळी नदीवर बसवून केलेलं काम होतं ते, मापात फरक पडणार कसा?

बाईंनी गठ्ठा पुढे ओढला. सुतळीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"निसळ सर," त्या म्हणाल्या, "पाचवा प्रश्न रद्द करा. नीट छापलेला नाही."

हेडसरांनी प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ नेली. "छापलेला तर स्वच्छ—"

"नाही छापलेला."

"नाही छापलेला," हेडसर म्हणाले आणि त्यांनी शेरा लिहिला, 'प्रश्न पाच छपाईदोषामुळे रद्द. सर्वांस पूर्ण गुण.' न लिहिता मिळालेले ते माझ्या आयुष्यातले पहिले दोन गुण.

शिपायानं चहा आणला. बाईंनी कप उचलला, खालच्या बशीकडे पाहिलं आणि कप तसाच परत ठेवला. मग एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठल्या. एस.टी.ला अजून पाऊण तास होता.

शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखा दहा पावलं मागे चाललो. फरशी यायच्या आधीच सर थांबले. मीही थांबलो. नियमात हे कुठे बसत नव्हतं. त्यांनी मागे न बघता हात जरा मागे केला. मी दहा पावलं चालून गेलो. त्यांनी हात धरला नाही, पण पुढे आम्ही बरोबर चाललो.

आत्या विठोबाच्या देवळात भजनाला गेली होती. अण्णांनी दिवा लावला, पिशवीतून माझा पेपर काढला आणि पाचव्या प्रश्नावर उघडून माझ्यासमोर ठेवला. चार मोकळ्या ओळी.

"बस."

मी बसलो.

"जूनमध्ये हा धडा तू स्वयंपाकघरात वाचून दाखवला होतास. अर्थ सांगून."

"हो."

"मी बाहेर ओट्यावर बसलो होतो."

"हो."

"काय म्हणाली होती ती?"

दोन महिन्यांत आमच्या घरात 'ती' हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला होता. मी जसं आठवत होतं तसं सांगितलं.

"म्हणाली, लहान पोरांच्या पुस्तकात असले शेवट कशाला घालतात मेले? तुझ्या अण्णांना सांग बदलायला."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, बोर्डाचं पुस्तक आहे, मला बदलता येत नाही."

"मग?"

"मग ती म्हणाली, बावीस वर्षं शिकवताय आणि एवढंही हातात नाही?"

अण्णांनी मान हलवली. उत्तर तपासून बरोबर निघाल्यावर हलवायचे तशी.

"एक तास बदलला," ते म्हणाले. "एका तासाच्या वर नाही टिकत." मग त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "पाच मिनिटं. लिही."

"मराठीत की इंग्रजीत?"

"पेपर कशाचा आहे?"

मी लिहिलं. आई घरी आली नाही. बापानं निळा कप कपाटात ठेवला आणि मुलांना जेवायला सांगितलं. इंग्रजीत ते आणखी छोटं झालं, दोन ओळी उरल्या. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं. शाई पसरली नाही. मी पेपर फिरवून त्यांच्याकडे केला.

अण्णांनी तांबडी पेन्सिल घेतली. दोन वाक्यं वाचायला त्यांना लागला तेवढा वेळ मी पुढे कुठल्याही परीक्षकाला लागलेला पाहिला नाही, आणि पुढे तीस वर्षं मीही तेच काम केलं. पहिल्या वाक्याखाली त्यांनी एक रेघ मारली. बरोबरची खूण केली. समासात गुण दिले आणि सही केली, पूर्ण, व्ही. के. जामदार, जशी गठ्ठ्यावर करायचे तशी.

मग ते उठून स्वयंपाकघरात गेले. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. ते चहा कधी करत नसत, त्यामुळे साखर कुठे आहे ते मला विचारावं लागलं. मी जागेवरूनच सांगितलं, वरच्या फळीवर, गुलाबी डब्यात. थोड्या वेळानं ते दोन कप घेऊन आले. दोन्हींना बश्या होत्या. आम्ही बशीत ओतून प्यायलो. चहा फार गोड झाला होता. कुणी बोललं नाही, पण मीठ कमी पडल्यावर बोलत नव्हतो, तसं हे नव्हतं.

तो पेपर अजून माझ्याकडे आहे. अण्णांनी मला दोनपैकी दीड दिला. अर्धा गुण कशाचा कापला ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायला ते राहिले नाहीत. निवृत्त झाल्यावर एकदा मी तो पेपर परक्याचा समजून नीट तपासला. उत्तर पूर्ण बरोबर आहे.